बसून बोललेलं लिहायचं नसतं

आमच्या छत्तीसगडातल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक फोनवर म्हणाले, "ताई, तुम्ही इतकी वर्षं विधानसभेत काढली. कुणी माइक उपटला, कुणी कागद भिरकावले, तसलं काहीतरी खमंग लिहा." मी म्हटलं, "यातलं मी काही पाहिलेलं नाही हो. मी खाली मान घालून लिहीत होते." त्यांना तो विनय वाटला. माझी नोकरीच ती होती.

मी प्रतिवेदक होते. सभागृहात जे बोललं जातं ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं, सचिवालयातल्या आमच्या शाखेत येऊन टंकून द्यायचं, आणि त्याची छापील कार्यवाही, म्हणजे सभागृहाचा वृत्तांत, झाली की विसरून जायचं. तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीला हे शेवटपर्यंत कळलं नाही. 'विधानसभेत आहे' एवढंच कळलं, त्यामुळे बदलीचे अर्ज घेऊन माणसं घरी येत. शेजारच्या काकूंनी तर नातीच्या लग्नात व्याह्यांना "ह्या आमच्या विधायकबाई", म्हणजे आमदार, अशी माझी ओळख करून दिली आणि मला पहिल्या पंगतीत बसवलं. मी बसले. जेवण चांगलं होतं.

काम कसं चालतं ते सांगते. अध्यक्षांच्या आसनासमोर, थोडं खाली, एक लांब टेबल असतं. तिथं प्रतिवेदक पाच पाच मिनिटांच्या फेरीनं येतात. पाच मिनिटांचं बोलणं नीट टंकायला अर्धा पाऊण तास जातो, म्हणून आम्ही आठ-नऊ जण चक्रासारखे फिरत असू. आत येताना आसनाला मान लववायची, जाताना आसनाकडे पाठ करायची नाही. टोक काढलेल्या चार पेन्सिली जवळ हव्यात. आणि काहीही झालं तरी हसायचं नाही. सभागृह हसलं की आपण कंसात 'हंसी' लिहायचं. बाकं वाजली की 'मेजों की थपथपाहट'. सगळे एकदम ओरडायला लागले आणि कुणाचंच काही धरता येईना की 'व्यवधान'. हे कंसातले शब्द सोडले तर प्रतिवेदक स्वतःचं म्हणून एक अक्षर लिहीत नाही. आमचे हे म्हणतात, या सवयीमुळे घरी कुणी विनोद सांगितला तर मी टिपून घेतल्यासारखा चेहरा करते.

टंकलेलं भाषण सदस्याकडे एकदा तपासायला जातं. त्यात त्यानं भाषेची चूक सुधारावी, अर्थ बदलू नये, असा नियम. या नियमामुळे आमच्या शाखेत फार गोड माणसं भेटली. एक सदस्य स्वतः आले आणि म्हणाले, "मेरे भाषण में थपथपाहट दो जगह कम है." मी वही काढून पाहिली. बाकं एकदाच वाजली होती, तीही अध्यक्षांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली तेव्हा. दुसऱ्या एका ज्येष्ठांनी आपल्या भाषणात नवे दोन परिच्छेद घालून पाठवले, शिवाय त्यावर मंत्र्यांनी काय उत्तर दिलं असतं तेही लिहून पाठवलं. मी नियम लावून परत केलं. ते रागावले नाहीत. "भाषा तो ठीक है न?" एवढंच विचारलं. भाषा खरंच ठीक होती.

मोठी माणसं आपले स्वीय सहायक पाठवतात. शेवटच्या बाकावरची माणसं स्वतः येतात. सुकालूरामजी तसे स्वतः येत.

त्यांचं आडनाव आणि पक्ष मी लिहीत नाही. आडनाव सांगितलं की लोक जात काढतात आणि पक्ष सांगितला की पुढं वाचत नाहीत. एकदाच निवडून आलेले, शेतकरी घरातले, कमी शिकलेले. बसायला शेवटची ओळ, कोपरा. बोलायची पाळी सगळ्यात शेवटी, तीही दोन मिनिटं, आणि दीड मिनिटाला अध्यक्षांची घंटी. त्यांचं प्रत्येक भाषण एकाच वाक्यानं सुरू होई: "अध्यक्ष महोदय, मोर एक ठन बात हे." माझी एकच गोष्ट आहे. मग खरोखरच एकच गोष्ट असे. शाळेच्या वाटेवर दारूचं दुकान आहे, ते हलवा. म्हातारीच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या, मशीन तिला ओळखत नाही, तिची पेन्शन अडली आहे. त्यांच्या भाषणावर कधी कुणी बाक वाजवल्याचं माझ्या वहीत नाही. वर्तमानपत्रात तर एक ओळ नाही. पण त्यांच्या भाषणात गावाचं नाव असे, माणसाचं नाव असे, आणि ती म्हातारी कुठल्या वारी गेली होती तेही असे. लिहायला मला ते सगळ्यात सोपे होते, कारण त्यात वगळण्यासारखं काही नसे.

एकदा ते शाखेत आले, चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून आपलं भाषण वाचलं आणि म्हणाले, "दीदी, मी सात घरं म्हणालो, पण ती सहा आहेत. सातव्यांचं मिटलं. सहा करा." मी म्हटलं, हा अर्थाचा बदल आहे, करता येत नाही. बोलून चुकलात ते चुकलात. मग पुढच्या अधिवेशनात दोन मिनिटं मागून घेऊन त्यांनी सभागृहाला सांगितलं की मागच्या वेळी माझ्याकडून एक घर जास्त सांगितलं गेलं. अध्यक्ष म्हणाले, "ठीक है, ठीक है, बैठिए." सभागृह हसलं. मी कंसात 'हंसी' लिहिलं.

ती घरं होती समाजातून काढलेली. हा त्यांचा कायमचा विषय. दर अधिवेशनात, जिथं फट मिळेल तिथं, ते हे काढत. आपल्याकडे याला 'पानी बंद' म्हणतात. पोरीनं दुसऱ्या जातीत लग्न केलं, किंवा पंचांचं ऐकलं नाही, की त्या घरचं पाणी बंद. त्यांच्या घरी कुणी पाणी पीत नाही, त्यांना कुणी पाजत नाही. न्हावी येत नाही, धोबी येत नाही, गुरं चरायला कुणी नेत नाही. लग्नाला बोलावणं नाही आणि मेलं तर खांदा नाही. परत घ्यायचं तर दंड भरा आणि अख्ख्या समाजाला जेवण घाला. सुकालूरामजी ज्या समाजाबद्दल बोलत तो त्यांचा स्वतःचाच होता. ज्या पंचांबद्दल बोलत ते त्यांच्या प्रचाराला फिरले होते. हे बोलून एकही मत वाढत नाही, उलट जातं, हे शेवटच्या बाकावरच्या माणसाला पहिल्या बाकावरच्यापेक्षा नीट कळतं. तरी ते बोलत.

आता मला माझं सांगायचं आहे, आणि त्यासाठी अजून एक नियम सांगावा लागेल. सभागृहात सदस्यानं उभं राहून, अध्यक्षांच्या परवानगीनं बोलायचं असतं. बसल्या जागेवरून जे बोललं जातं ते कार्यवाहीत येत नाही. बसलेल्याचा माइकही बंद असतो. पण माझ्या टेबलापासून मंत्र्यांचा पहिला बाक तीन हातांवर. माइक बंद असला तरी कान बंद नसतात. बाकांवर बसल्या बसल्या बोललेलं मी जे ऐकलं आहे ते इथं लिहिलं असतं तर हा अंक जप्त झाला असता.

ज्या अधिवेशनाची गोष्ट आहे त्याच्या पहिल्याच दिवशी माझ्याकडून चूक झाली. एका मंत्र्यांनी बसल्या जागेवरून विरोधकांना उद्देशून एक शब्द वापरला आणि माझी पेन्सिल तो लिहून गेली. टंकलेल्या प्रतीतही तो राहिला. मंत्र्यांनी तक्रार केली, मला स्पष्टीकरण मागणारं पत्र आलं. इतक्या वर्षांतलं पहिलं. मी तीन ओळींचं उत्तर दिलं, खेद व्यक्त केला, प्रकरण मिटलं. पण मला ते फार लागलं. माझ्या फायलीत एकही कागद नव्हता आणि आता एक होता.

त्याच आठवड्यातला शुक्रवार. शुक्रवारी दुपारनंतरचा वेळ सामान्य सदस्यांच्या प्रस्तावांना असतो. त्याला अशासकीय संकल्प म्हणतात. कुणीही सदस्य एखादा कायदा व्हावा असा प्रस्ताव मांडू शकतो. तो मंजूर होत नाही. मंत्री उठून म्हणतात की सदस्यांच्या भावनेशी मी सहमत आहे, त्यांनी संकल्प मागं घ्यावा, आणि सदस्य मागं घेतो. सगळ्यांना सगळं माहीत असतं. अर्ध्याहून जास्त सभागृह तोवर गाडीत बसलेलं असतं.

कुणी मांडायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरतं, आणि त्यात त्या दिवशी सुकालूरामजींचं नाव निघालं होतं. पाणी बंद करण्याविरुद्ध राज्यानं कायदा करावा, असा त्यांचा संकल्प. पहिल्यांदाच त्यांना दोन मिनिटांहून जास्त वेळ मिळाला होता. कुणाकडून तरी इस्त्री करून घेतलेला कुर्ता घालून आले होते.

ते उभे राहिले आणि कायद्याबद्दल फारसं बोललेच नाहीत. एका घराबद्दल बोलले. रमशीला नावाची बाई. नवरा उरला औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या मिलमध्ये पाळीवर, तिथंच खोली करून राहणारा. मुलीनं मिलमधल्याच एका दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न केलं, म्हणून गावात घराचं पाणी बंद. घरी रमशीला आणि तिचा म्हातारा सासरा. सासरा खाटेला खिळलेला, आता थोड्याच दिवसांचा. सुकालूरामजी म्हणाले, "मी त्याला भेटायला गेलो. त्याला औषध नको, पेन्शन नको. तो मला एकच विचारतो, 'मोला कांध कोन देही?' मेल्यावर मला खांदा कोण देणार?"

मी हे जसंच्या तसं लिहिलं.

तेवढ्यात धानखरेदीवरून विरोधकांचे दहा-बारा जण घोषणा देत पुढं आले. ओरडायला दहा माणसं पुष्कळ होतात. त्या गोंधळातच त्या खात्याच्या मंत्र्यांनी उठून ठरलेलं उत्तर वाचलं, भावनेशी सहमत आहे, संकल्प मागं घ्यावा, आणि ते खाली बसले. सुकालूरामजी मागून ओरडून म्हणाले, "घेतो मागं. पण त्या गावात कलेक्टरला पाठवा. पंचांना समोर बसवून मिटवा, म्हातारा जायच्या आत."

मंत्री बसलेलेच होते. त्यांनी मागं वळून, चांगलं हसून म्हटलं, "हव, कलेक्टर ल भेज देबो."

हो, कलेक्टरला पाठवतो. इतकं स्पष्ट. आणि सुकालूरामजी म्हणाले, "मैं अपना संकल्प वापस लेता हूं."

माझ्या पेन्सिलीनं हे सगळं लिहिलं. मंत्र्यांचं वाक्यसुद्धा. पाच मिनिटं संपली, मी मान लववून बाहेर आले.

बाहेरच्यांना एक सांगायला हवं. मंत्री सभागृहात 'पाठवतो', 'बघतो', 'चौकशी करतो' असं म्हणाले आणि ते कार्यवाहीत छापून आलं, की त्याला आश्वासन म्हणतात. त्यासाठी एक समिती असते. ती छापील पानं चाळून अशी वाक्यं वेचते आणि खात्याच्या मागं लागते की बोललात ते करून दाखवा. कलेक्टरच्या टेबलावर जातो तो कागद त्या पानावरून निघतो. पानावर नाही ते सभागृहात झालेलंच नाही.

मी शाखेत बसून टंकत होते. त्या वाक्यापाशी आले. मंत्री बसलेले होते, परवानगी नव्हती, माइक बंद होता. नियम साफ होता. पण असं शंकेचं काही असेल तर चिठ्ठी लावून वर आदेशासाठी पाठवता येतं, हाही नियमच आहे, आणि तो मीच नव्या मुलींना शिकवत असे. चिठ्ठी लावली की आदेश येईपर्यंत थांबावं लागतं. आमची इमारत शहराबाहेर, कर्मचाऱ्यांची बस साडेपाचला सुटणारी. आणि फायलीत नुकताच आलेला तो कागद. मी वहीतल्या त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि कंसात टंकलं: व्यवधान.

बस मिळाली. खिडकीची जागाही मिळाली.

घरी जेवताना मी हे सांगितलं. आमचे हे बँकेतून निवृत्त, सगळं ऐकून घेतात. म्हणाले, "तुले आयकू आलं होतं नं?"

"आलं होतं."

"मंग काहून नाई लिवलं?"

"बसून बोललेलं लिहायचं नसतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले, "भाजी दे."

मुलगा म्हणाला, "मम्मी, रिकॉर्डिंग सुन लो ना, उसमें होगा." आमचा मुलगा मराठी सगळी समजतो, उत्तर हिंदीत देतो. सोमवारी मी ध्वनिमुद्रण काढून ऐकलं. घोषणा होत्या, घंटी होती, सुकालूरामजींचं संकल्प मागं घेणं होतं. मंत्र्यांचा आवाज नव्हता. म्हणजे ते वाक्य जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, माझ्या वहीत, रेघेखाली.

त्याच दुपारी सुकालूरामजी आपली प्रत घेऊन आले. बोट त्या कंसावर. "दीदी, मंत्रीजी हव कहे रिहिन. इथं नाही."

मी म्हटलं, "तिथं गोंधळ होता. रेकॉर्डवर व्यवधान आहे."

"हे असं वाचलं तर वाटतं, सुकालूरामला काही मिळालं नाही, त्यानं उगाच माघार घेतली." ते हे तक्रारीच्या सुरात बोलत नव्हते, मला समजावून देत होते. "माझं जाऊ द्या. पण कागद असता तर कलेक्टरला दाखवला असता. तुमन सुनेव नहीं?"

तुम्ही ऐकलं नाही का? सरळ प्रश्न होता. मी नव्या मुलींना ऐकवायचे ते वाक्य त्यांना ऐकवलं. "प्रतिवेदक सुनता नहीं, लिखता है." मला हे वाक्य तेव्हा फार आवडत असे.

त्यांनी मान हलवली, कागदाची नीट चौघडी केली, खिशात ठेवली आणि गेले. तेव्हाही वेळ होती. छापायला जायला दोन दिवस होते. मी चिठ्ठी लावू शकत होते. लावली नाही. आदल्या आठवड्यात स्पष्टीकरण दिलेल्या बाईनं या आठवड्यात आपणहून सांगायचं की माझ्याकडून आणखी एक वाक्य सुटलं, हे मला जमलं नाही. मी घाबरले होते, दुसरं काही कारण नाही. त्या वेळी मी त्याला नियम म्हणत होते.

सुकालूरामजींनी आपल्या परीनं कलेक्टर कचेरीत चकरा मारल्या. तिथं त्यांना सांगण्यात आलं की विधानसभेचं पत्र आणा. हे मला त्यांच्याच पुढच्या भाषणावरून कळलं, कारण ते भाषण माझ्या फेरीत आलं.

पुढचं अधिवेशन, दोन मिनिटं. "अध्यक्ष महोदय, मोर एक ठन बात हे. तो म्हातारा गेला." मग त्यांनी खांदे सांगितले. पहिला मुलाचा, तो उरल्याहून पोचला. दुसरा, म्हणाले, माझा. तिसरा माझ्या ड्रायव्हरचा. गाव दारं लावून आत होतं. चौथा खांदा सून रमशीलानं दिला. "आमच्याकडे बाया खांदा देत नाहीत, अध्यक्ष महोदय. तिनं दिला. सव्वा कोस वाट आहे, मध्ये दोनदा खाली ठेवावं लागलं." घंटी वाजली. मंत्री उठून उभे राहिले आणि घटना दुःखद असल्याचं म्हणाले. तेही मी लिहिलं. त्या पाच मिनिटांत माझी पेन्सिल एकदाही थांबली नाही, शाखेत येऊन मी एकही खाडाखोड न करता प्रत काढली. त्याचा मला त्या दिवशी थोडा अभिमान वाटला. आज ते आठवलं की स्वतःची शिसारी येते.

पुढच्या निवडणुकीत सुकालूरामजी पडले. पंच दुसऱ्याच्या प्रचाराला फिरले. त्यानंतर काही महिन्यांनी मी निवृत्त झाले. मला शाल मिळाली आणि माझी फाइल किती स्वच्छ होती यावर एक भाषण झालं. ते भाषण कुणी टिपून घेतलं नाही.

निवृत्तीनंतर माणसाला वेळ असतो, आणि जे बसमध्ये बसून मागं टाकता आलं ते घरी बसून टाकता येत नाही. मी सदस्यांच्या जुन्या यादीतून नंबर काढला, सुकालूरामजींना फोन केला आणि गावी गेले. हे म्हणाले, "मी येऊ का संगं?" म्हटलं, नको.

सुकालूरामजी ओसरीवर धान्य निवडत बसले होते. गाडी आमदारकीबरोबर गेली होती, चष्मा तोच होता. चहा झाला. मी म्हटलं, "मला तुम्हाला एक सांगायचं आहे. त्या दिवशी मंत्री जे म्हणाले ते मी ऐकलं होतं."

ते म्हणाले, "मला माहीत आहे."

मला वाटलं त्यांना नीट समजलं नाही. म्हणून परत सांगितलं. तेव्हा त्यांनी सूप बाजूला ठेवलं. शेवटची ओळ सगळ्यात उंच असते, म्हणाले, तिथून तुमचं टेबल तळहातासारखं दिसतं. पाच वर्षं मला दुसरं काय काम होतं? तुम्हा लोकांना पाहत बसायचो. गोंधळ झाला की तुमच्या पेन्सिली थांबतात, थोड्या वेळानं एक छोटं काहीतरी लिहिता आणि परत थांबता. त्या दिवशी मंत्री बोलले तेव्हा तुमची पेन्सिल चालली होती. चांगली ओळभर चालली.

"मग तुम्ही तक्रार का नाही केलीत? माझी वही मागवायची होती. वहीत होतं."

मी काही विचित्र विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या आठवड्यात तुमच्यावर कागद निघाला होता, शाखेतला शिपाई म्हणाला होता. दुसरा निघाला असता तर? एक घर ल त निकाल डारे हें, दूसर घर ल काबर निकलवातेंव?" एक घर बाहेर काढलं होतंच, दुसरं कशाला काढवू?

मी रडले. त्यांच्या घरातल्या बायका आतून डोकावून गेल्या. ते म्हणाले, "मला सांगून झालं. आता रमशीलाला सांगा. मी तिला त्या दिवशी निरोप दिला होता, मंत्री हव म्हणाले, कलेक्टर येणार. तिनं अंगण सारवून ठेवलं होतं. तीन दिवस सारवलं. तेव्हापासून ती मला खोटं बोलणारा समजते. दार उघडते, बोलत नाही."

त्यांच्या मोटरसायकलवर मागं बसून मी त्या गावी गेले. घर गावाच्या टोकाला होतं. पाणी अजून बंदच होतं.

रमशीलाबाई माझ्याहून पुष्कळ लहान, पण दिसायला तशा दिसत नव्हत्या. आम्हाला पाहून त्यांनी खाट टाकली. आपल्या छत्तीसगडात पाहुणा आला की आधी पाण्याचा लोटा समोर ठेवतात, मग विचारपूस. त्यांनी घासून लख्ख केलेला लोटा आणून माझ्यासमोर ठेवला आणि बाजूला उभ्या राहिल्या, मी उचलते की नाही ते पाहत. मी हात पुढं केला होता, पण वाटलं, आधी सांगावं, मग प्यावं.

सुकालूरामजी म्हणाले, "दीदी कुछु बताही." दीदी काही सांगतील.

मी हिंदीत सांगितलं, सोपं करून. मंत्र्यांनी हो म्हटलं होतं. यांनी तुम्हाला खरंच सांगितलं होतं. मी तिथंच होते, मी ऐकलं.

त्यांनी सुकालूरामजींकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी पाहत असाव्यात. मग माझ्याकडे. "हव कहे रिहिस?" हो म्हणाला होता?

"हां."

"त आइस काबर नहीं?" मग आला का नाही?

"क्योंकि मैंने नहीं लिखा. लिखा रहता तो कलेक्टर को आना पड़ता."

घाई न करता त्यांनी विचारलं, "लिखे के काम तुम्हर रिहिस?"

लिहायचं काम तुमचं होतं? मी म्हटलं, "हां. मेरा ही था."

रमशीलाबाई वाकल्या, माझ्यासमोरचा लोटा उचलला आणि आत गेल्या. आत मडक्यात पाणी परत ओतल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या नाहीत.

पाहुण्याला पाणी न पाजता घालवणं म्हणजे काय, हे त्या गावात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. सुकालूरामजी खाटेवरून उठले आणि म्हणाले, "चलव, दीदी." मी उठले. ऊन फार होतं आणि मला खूप तहान लागली होती.